दोन फूट सात इंच

कारभारी बोरस्ते यांना लिहून देण्याची खोड होती. कुणाशी बिनसलं की चार माणसं दोन शब्द बोलून मोकळी होतात. हे घरी येऊन कागद काढत. तारीख, विषय, संदर्भ, मजकूर, सही आणि खाली डाव्या कोपऱ्यात ‘प्रत माहितीसाठी’. दूधवाल्यालासुद्धा त्यांनी एकदा लेखी कळवलं होतं की गेल्या सोमवारपासून दूध पातळ येत आहे. त्याने तो कागद वाचला की नाही देव जाणे, पण दुसऱ्याच दिवशी त्याच कागदात कुणाला तरी पाव किलो खवा बांधून दिला.

यात त्यांचा दोष म्हटला तर आहे, म्हटला तर नाही. ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं ते तपासणी खात्यात होते. तिथे तोंडी बोलण्याला किंमत नव्हती. भाग केसभर कमी भरला की लाल चिठ्ठी लावायची, मोजमाप लिहायचं, सही ठोकायची. मग भाग करणारा सख्खा मेव्हणा का असेना. विमान वर गेल्यावर ‘मी तोंडी सांगितलं होतं’ म्हणून भागत नाही. हा नियम जमिनीवर जशाच्या तसा चालत नाही, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ते लेखी मागितलं असतं.

त्यांचं घर हत्तीबोळात. गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, घाट आणि कॉलेजचं मागचं फाटक यांच्यामधली ही जुनी गल्ली. इथून कधी काळी हत्ती गेला असेल यावर गल्लीतल्याच लोकांचा विश्वास नाही. रिक्षावालासुद्धा आत शिरताना आरसे दुमडून घेतो. पण पायी माणसाला याच्यापेक्षा सोयीची जागा नाशकात सापडायची नाही. दूध चाळीस पावलांवर, किराणा साठ पावलांवर, वाचनालय सव्वातीनशे, आणि घाट उतरलं की बुधवारचा बाजार समोर. हे आकडे अंदाजे नाहीत, कारभारींनी मोजलेले आहेत.

नोकरीत असताना मात्र या सोयीचा त्यांना काडीचा उपयोग झाला नाही. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, निमाणी स्टँडजवळ कारखान्याची बस धरायची, संध्याकाळी कान बधिर होऊन परतायचं, जेवायचं आणि झोपायचं. चौतीस वर्षं ज्या गल्लीत राहिले ती त्यांनी उजेडात फक्त रविवारी पाहिली. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की एकदा रिटायर झालो की चाकावर बसणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला. सकाळ-संध्याकाळ पायी, सगळी कामं पायी. मुलगा महेश पाथर्डी फाट्याला सहाव्या मजल्यावर राहतो. तिथे लिफ्ट आहे, दोन बाल्कन्या आहेत आणि कोथिंबिरीची जुडी आणायची तरी स्कूटर काढावी लागते. तो दर दिवाळीला म्हणायचा, आता इकडे या. कारभारी म्हणायचे, तिथे चालायला जागा नाही. आणि यशोदाबाई म्हणायच्या, मला ओटा सोडून करमायचं नाही. विषय तिथे संपायचा.

ओटा होताच तसा. काळ्या घडीव दगडाचा, चौदा फूट लांब, माणसाच्या कंबरेला लागेल एवढा उंच. गंगेला पूर येतो म्हणून जुन्या लोकांनी घरंच उंच जोत्यावर बांधली, दाराला लागून ओटा घातला आणि ओट्याच्या एका अंगाला पायऱ्या काढल्या. गल्लीत असे सात ओटे. दोन वर्षांपूर्वी यशोदाबाईंचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले वाट्या बदलून घ्या. त्या म्हणाल्या, मोडकं असलं तरी आपलं बरं. तेव्हापासून त्यांची चाल गॅसपासून ओट्यापर्यंत, तीही वॉकर धरून. चार वाजता मेथीची जुडी घेऊन त्या ओट्यावर येत आणि सातला आत जात. त्यांचं उरलेलं जग त्या तीन तासांत आणि त्या चौदा फुटांत मावत होतं.

कॉलेजही चारलाच सुटतं. मागच्या फाटकातून पोरं बाहेर पडतात आणि हत्तीबोळातून घाटाकडे नाहीतर बसस्टॉपकडे निघतात. आधी एकीने पाणी मागितलं. पाणी पिऊन ती टेकली. मग तिच्या मैत्रिणी टेकल्या. महिन्याभरात ओट्यावर आठ-दहा पोरं, त्यांच्या बॅगा, वेफर्सची पाकिटं, मोबाइलवर लावलेली गाणी, आणि या सगळ्याच्या एका टोकाला वीतभर जागेत मेथी निवडणाऱ्या यशोदाबाई. कारभारी सहाला फिरून येत आणि हे बघून त्यांच्या डोक्याची शीर उठे. ज्या बाईला ओट्यापलीकडे जग उरलं नाही तिच्या ओट्यावरही लोकांनी डेरा टाकावा, आणि जिची जागा तिनेच अंग चोरून बसावं, हे त्यांना बघवत नव्हतं.

त्यांनी उपाय सुरू केले. साडेतीनला ओट्यावर दोन बादल्या पाणी ओतलं. पोरांनी वर्तमानपत्रं अंथरली; ओल्यात बसल्या त्या यशोदाबाईच. निवडुंगाच्या कुंड्या ओळीने मांडल्या. पोरांनी त्या अलगद बाजूला सरकवल्या, जाताना होत्या तिथे ठेवल्या, आणि वर रोज पाणी घातलं, त्यामुळे त्यातले दोन निवडुंग कुजले. ‘खाजगी ओटा. बसू नये’ अशी पाटी लावली, तर पाटीखाली बसून फोटो काढायला दुसऱ्या वर्गातली पोरं येऊ लागली. भीक नको पण कुत्रा आवर, अशी कारभारींची गत झाली.

त्यातली चैताली नावाची मुलगी रोजची होती. बागलाणातल्या नामपूरची, इथे खोली करून शिकायला राहिलेली. तिला त्यांनी एकदा थेट विचारलं की तुम्हाला बसायला खोली नाही का. ती म्हणाली, आहे की काका, पण एका खोलीत आम्ही पाचजणी आहोत, आणि मुकाट्याने उठून गेली. दुसऱ्या दिवशी परत तिथेच, यशोदाबाईंच्या मांडीला मांडी लावून. दोघी काहीतरी बोलत होत्या. कारभारी दिसले तसं बोलणं थांबलं. म्हातारीला गोड बोलून जागा पटकवायची ही युक्ती आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग त्यांनी कागद काढला. पहिला अर्ज प्राचार्यांना. उत्तर आलं की सदर बाब आवाराबाहेरील आहे. दुसरा अर्ज चौकीत. तिथल्या हवालदाराने तो उभ्याउभ्या वाचला आणि म्हणाला, काका, पोरं बसली आहेत, दरोडा नाही घातला. तिसरा अर्ज त्यांनी योजनेच्या ऑफिसात दिला, आणि तिथेच सगळं फसलं.

त्या सुमारास हत्तीबोळ पायी चालणाऱ्यांसाठी नव्याने करायची एक योजना आली होती. फरसबंदी, जुन्या घाटाचे दिवे, गाड्यांना बंदी. आपल्या मनातलंच कुणीतरी चोरून लिहिलंय असं कारभारींना वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागद वाचून ते खूश झाले. मग त्याच योजनेत आपल्या ओट्याच्या कडेला एक लोखंडी कठडा बसवावा, म्हणजे दारातून येणाऱ्या घरच्या माणसाखेरीज कुणाला बसता येणार नाही, अशी त्यांनी मागणी केली. ती नीट समजावी म्हणून सोबत ड्रॉइंग जोडलं.

ते ड्रॉइंग काढायला त्यांना तीन दिवस लागले. पोलादी टेप, ओळंबा, गुण्या, सगळं लोखंडी पेटीतून बाहेर आलं. ही पेटी कारखान्यातल्या पहिल्या वर्षापासूनची. घरात तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती; महेशने लहानपणी एकदा तिच्यावर उभं राहून पतंग काढला म्हणून मार खाल्ला होता. कारभारींनी ओटा वरून दिसतो तसा काढला, समोरून काढला, बाजूने काढला. घराच्या भिंतीची रेषा तुटक, गटाराची सलग. जे आहे ते लिहायचं ही चौतीस वर्षांची सवय, म्हणून बाजूच्या आकृतीत बाण मारून स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘भिंतीपासून रस्त्याकडे आलेला भाग २ फूट ७ इंच’. पोरांच्या त्रासाबद्दल त्यांनी प्राचार्यांना विचारलं, चौकीत विचारलं, शेजारच्या मंगलाबाईंना विचारलं. घरात पोळ्या लाटत होती तिला विचारलं नाही. सगळं तिच्यासाठीच तर चाललं होतं, मग तिला काय विचारायचं.

योजनेच्या ऑफिसात कुंदन नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्याने कागद उलगडला आणि बघतच राहिला. असं ड्रॉइंग आमच्याकडे कुणाला जमत नाही काका, ठेवून घेतो मी हे, असं तो म्हणाला. त्याने चहा मागवला. कारभारींनी हे घरी येऊन संध्याकाळी एकदा सांगितलं आणि जेवताना परत एकदा सांगितलं. यशोदाबाई दोन्ही वेळा बरं झालं म्हणाल्या.

दीड महिन्याने नोटीस आली. नोटिशीला त्यांच्याच ड्रॉइंगची झेरॉक्स जोडली होती आणि भिंतीची तुटक रेषा कुणीतरी लाल पेनाने गिरवली होती. लाल रेषेबाहेरचं बांधकाम सात दिवसांत काढून घ्यावं, अन्यथा योजनेतर्फे काढण्यात येईल. संदर्भ, आपला अर्ज. जन्मभर दुसऱ्याच्या कामाला लाल चिठ्ठी लावणाऱ्या माणसाने तो कागद तीनदा वाचला. मापात चूक नव्हती, तेवढाही आधार त्यांना मिळाला नाही.

आणि हे त्यांच्या एकट्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. त्यांची भिंत पक्की सापडल्यावर ती रेषा पट्टी धरून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली गेली. साती घरांना नोटिसा आल्या. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं आपण म्हणतो. इथे मारुतीही झाला नाही. मंगलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही दोन यत्ता कमी शिकले असते तर बरं झालं असतं.” त्यानंतर त्या घरातून येणारी संक्रांतीची पोळी बंद झाली ती आजपर्यंत.

कारभारी ऑफिसात धावले. कुंदनने पुन्हा चहा मागवला, हे सगळ्यांत जास्त चीड आणणारं होतं. ओटा शंभर वर्षांचा आहे, घर बांधलं तेव्हाचा आहे, पुरासाठी आहे, त्याच्याशिवाय दारातून उतरता येत नाही, माझ्या बायकोचे पाय गेलेत, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. कुंदनने ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, वाईट असता तर निदान भांडता आलं असतं.

“काका, खरं सांगू का,” तो म्हणाला, “आमच्या नकाशावर हे ओटे नव्हतेच. भिंत कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो हे इथे कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही लिहून दिलंत.”

उतरायचं कसं, यावर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. पायऱ्या घराच्या आतून घ्या. कारभारींची पुढची खोली दहा बाय दहाची. आतून चार पायऱ्या घेतल्या तर यशोदाबाईंची खाट बाहेर ठेवावी लागली असती. त्यांनी चार हरकती लिहिल्या. चारींवर आवक क्रमांक पडला, शिक्का बसला, पोच मिळाली. पुढे त्यांचं काय झालं ते शिक्क्यालाच माहीत.

ओटा पाडायला एक दिवस लागला. मशीन गल्लीत शिरत नव्हतं म्हणून माणसं पहारी आणि हातातले ब्रेकर घेऊन आली. दगड निघता निघत नव्हते. एका दगडाला बसून बसून किंचित खोलगट आकार आला होता, तो दोघांनी उचलून टेम्पोत टाकला. यशोदाबाई आत खाटेवर बसून ऐकत होत्या. दुपारभर घरातली भांडी मांडणीवर थरथरत होती. चार वाजता पोरं आली, समोरून थोडा वेळ बघितलं आणि निघून गेली. संध्याकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापुढे एकदम रस्ता, तीन फूट खाली.

त्या संध्याकाळी कारभारींना काहीतरी बोलायचं होतं. शेवटी ते म्हणाले, पोरांचा त्रास तरी गेला म्हणायचा. हे वाक्य त्यांनी गिळलं असतं तर बरं झालं असतं.

“कसला त्रास?” यशोदाबाई म्हणाल्या. “त्रास तुम्हाला होता. मी सरकून बसायचे ते पोरांना जागा व्हावी म्हणून. मला कोणी विचारलं का?”

मग त्या बोलत राहिल्या, फार मोठ्याने नाही. चैताली पहिल्या दिवशी पाणी प्यायला थांबली तेव्हा फोनवर आईशी बोलत होती. ते अहिराणी बोलणं कानावर पडलं आणि यशोदाबाईंच्या हातातली मेथी तशीच राहिली. त्यांचं माहेर नामपूरपासून दोन कोसांवर. पोरीने फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, तू कोना गावनी शे वं? ती पोरगी उड्या मारायचीच बाकी राहिली. एक्केचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या बोरस्त्यांच्या घरात आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात ताटावर काहीतरी अहिराणीत बोलल्या होत्या. सासू हसली. नवरा तर हसलाच, आणि पुढे महिनाभर येता-जाता ‘शे, शे’ करून नक्कल करत राहिला. त्यांनी त्या दिवसापासून ती बोली तोंडातून काढली नाही, स्वतःच्या मुलाशीसुद्धा नाही. कारभारींना हे आठवत नव्हतं. खूप आठवून बघितलं तरी आठवेना, आणि आठवत नाही याचीच त्यांना लाज वाटली.

“पोरगी आल्यापासून माझी जीभ सुटली होती,” यशोदाबाई म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

योजना पूर्ण झाली. फरसबंदी झाली, दिवे लागले, गल्लीच्या तोंडाशी एक सुंदर पाटी लागली. त्या पाटीवर हत्तीबोळाचा इतिहास आहे आणि त्यात लिहिलंय की दगडी ओटे हे या गल्लीचं वैशिष्ट्य. शेजारी मोठा रंगीत फोटो. फोटोत कारभारींचा ओटा आहे, ओट्यावर पोरं आहेत आणि टोकाला मेथीची जुडी घेतलेल्या यशोदाबाई हसताहेत. कुणीतरी पूर्वी कधी काढलेला फोटो असावा. रविवारी जुनं नाशिक बघायला माणसांचे घोळके येतात, पाटी वाचतात आणि मग ओटे शोधत गल्लीभर फिरतात. कारभारी त्या पाटीसमोर उभे राहिले तेव्हा त्यांना तिच्यावर दगड घालावासा वाटला. दगडही शिल्लक नव्हता.

योजनेत चार बाक होते. चारी बाक कॉलेजच्या फाटकाशी, घरापासून एकशे बारा पावलांवर. यशोदाबाईंच्या पायांना ते अंतर पंढरपूरएवढं. त्यातला एक बाक आपल्या दारासमोर हलवावा असा अर्ज कारभारींनी दिला. उत्तर चौदा दिवसांत आलं, एवढं वेळेवर आजवर काही आलं नव्हतं. सदर ठिकाणी विद्यार्थी बसून उपद्रव करतात अशी स्थानिक रहिवाशाची लेखी तक्रार असल्याने तेथे बैठक व्यवस्था करता येत नाही. खाली तक्रारीचा क्रमांक दिला होता. पोचपावतीची फाइल काढायचीसुद्धा गरज नव्हती. तो क्रमांक कारभारींना पाठ होता.

आता चार वाजता यशोदाबाई उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसत. खाली रस्त्यावरून माणसं चालत, त्यांची डोकी यांच्या गुडघ्यांच्या पातळीला. तिकीट खिडकीतल्या बाईसारखी ती बैठक होती; फरक इतकाच की कुणाला तिकीट नको होतं. चैताली सुरुवातीला थांबायची. मान वर करून बोलायची, मागून येणारे तिला ओलांडून जायचे, ती एका बाजूला व्हायची, बोलणं तुटायचं. बसून तास निघतो, उभ्याने पाच मिनिटं निघत नाहीत. दोन आठवड्यांनी ती नुसता हात करून जाऊ लागली. कारभारी आता दारात उभे राहून पोरांना म्हणायचे, थांबा ना जरा. पोरं अदबीने म्हणायची, नाही काका, निघतो. या माणसाच्या दारात थांबलं की अर्ज होतो, हे कॉलेजभर माहीत होतं. गल्ली चालायला फार छान झाली होती, आणि सगळे चालतच होते.

एक दिवस भाकरी वाढता वाढता यशोदाबाई म्हणाल्या, “महेशला सांगा, येतो म्हणून.”

कारभारींना आधी कळलंच नाही. मग त्यांनी विचारलं की पाथर्डी फाट्याला सहाव्या मजल्यावर तुला कोण भेटणार आहे.

“इथं कोण भेटतं?” त्या म्हणाल्या. “तिथं निदान लिफ्ट हाय. खाली तरी जाता येईल.”

आजवर महेशला नाही म्हणायला त्यांच्याकडे दोन कारणं होती, चालणं आणि ओटा. चालणं त्यांचं एकट्याचं होतं. खरं वजन होतं ते ओट्याला, आणि तो त्यांनी इंचाच्या मापाने मोजून दिला होता. रागावायचं कुणावर, हा त्यांचा मोठा प्रश्न झाला. कुंदनवर रागावून झालं, पाटीवर झालं, पोरांवर तर आधीच झालं होतं. राग हिंडून फिरून घरीच येत होता. त्या दुपारी त्यांना झोप लागली नाही. सवयीने त्यांनी कागद काढला, तारीख घातली, ‘विषय’ लिहिलं आणि पुढे कुणाला काय मागायचं ते सुचेना. साडेतीन वाजले तसा त्यांनी कागद मिटला आणि चपला घातल्या.

एकशे बारा पावलं चालून ते कॉलेजच्या मागच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. पोरं सुटली. त्यांना बघून दोन-तीन घोळके रस्ता बदलून गेले. चैताली दिसली. ती थबकली, बरोबरच्या मुलींकडे बघितलं आणि आता काय केलं आम्ही, अशा चेहऱ्याने पुढे आली. कारभारींनी घसा साफ केला. जन्मात कुणाला तोंडी विनंती केल्याची सवय नव्हती, त्यामुळे शब्द उलटसुलट झाले.

“आजी वाट बघते,” ते म्हणाले. “म्हणजे ती म्हणत नाही तसं. घरात ये. बसायला.”

चैतालीने मैत्रिणींकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. “वर चढायचं कसं काका?” तिने विचारलं. प्रश्न बरोबर होता.

दारापाशी आल्यावर त्यांनी उंबऱ्यावर तळवे रोवले, गुडघा टेकवला आणि कसेबसे वर चढले. रोजचंच होतं ते. आत जाऊन खाटेखालून लोखंडी पेटी ओढली. यशोदाबाई खुर्चीतून बघत होत्या. पेटी त्यांनी उंबऱ्यावरून खाली रस्त्यावर सोडली, मागोमाग स्वतः उतरले आणि ती भिंतीला लावून ठेवली. उंची सव्वा फूट. तेवढ्याने काम भागत होतं, पण पेटी डुगडुगत होती, कारण नव्या फरशा एका पातळीत नव्हत्या. हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि त्याचा मसुदाही तयार होता. ते खाली वाकले आणि दोन्ही हातांनी पेटी दाबून धरली.

“पाय दे,” ते म्हणाले.

ज्या पेटीवर उभं राहिल्याबद्दल पोटच्या पोराने मार खाल्ला होता तिच्यावर नामपूरच्या पोरीने सँडल ठेवली आणि ती वर गेली. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या. आत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, खाट करकरली. मग यशोदाबाईंचा आवाज आला. तो आवाज कारभारींनी एक्केचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. भरभर, खणखणीत, मधेच हसणारा. शब्द निम्मे कळत होते, निम्मे कळत नव्हते. कुणाच्या तरी म्हशीबद्दल काहीतरी चाललं होतं. ते वर गेले नाहीत. पोरींना उतरायचं होतं, आणि पेटी डुगडुगत होती. ते तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभे राहिले, एक हात झाकणावर ठेवून.

पाऊण तासाने योजनेचा माणूस आला. नारिंगी जाकीट, हातात शिट्टी. गल्ली मोकळी ठेवायची हे त्याचं काम. तो पेटीपाशी थांबला, भिंतीपासून ती किती पुढे आली आहे ते त्याने नजरेने मोजलं, आणि तसा सभ्यपणेच म्हणाला की काका, ही पेटी उचला, रस्त्यात आहे.

आत यशोदाबाई मोठ्याने हसल्या. पेटी भिंतीपासून एक फूट दोन इंच पुढे होती, कारभारींना ते टेप न लावता माहीत होतं. त्यांनी झाकणावरचा हात काढला नाही.

“लेखी द्या,” ते म्हणाले.